मोज्यांपासून मोजूपर्यंत: कोरियात नव्याने आलेल्या टीचर लोकांना जॉन्जूला एका दिवसासाठी कसं न्यायचं

आमच्या भागात वर्षातून दोनदा नवे इंग्लिश टीचर येतात, फेब्रुवारीच्या शेवटी आणि ऑगस्टच्या शेवटी, कारण कोरियात शाळेचं वर्ष मार्चमध्ये सुरू होतं. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड, साउथ आफ्रिकेचे लोक असतात, आणि अधूनमधून आपल्याकडचंही कोणीतरी, कारण २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया करारामुळे इंग्रजीची डिग्री आणि टीचिंगचं लायसन्स असलेल्या भारतीयांनाही असिस्टंट टीचर म्हणून येता येतं. मी मूळची कोल्हापूरची, अशीच आले, आणि उत्तर जॉल्ला भागातल्या एका छोट्या गावात मिडल स्कूलला शिकवते. नव्या लोकांना "कोरियन परंपरा दाखवायची" ट्रिप काढायचं काम एकदा माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच.

पहिली ट्रिप मी साफ घालवली. एका दिवसात नऊ ठिकाणं कोंबली होती, लोक नुसते बसमध्ये चढत-उतरत होते, फोटो मात्र ढीगभर निघाले. सोमवारी त्यातल्याच एका पोराने उपमुख्याध्यापकांनी दिलेला कॉफीचा कप एका हाताने घेतला, दुसरा हात खिशात. तोंडावर कोणी काही बोललं नाही, कोरियात बोलत नाहीतच, पण शेजारच्या गावातली ही गोष्ट दुपारपर्यंत माझ्या को-टीचरकडे, म्हणजे वर्गात सोबत शिकवणाऱ्या कोरियन टीचरकडे, पोचली होती. तेव्हापासून माझा हिशोब एकच आहे, ट्रिपमध्ये जे करायचं ते सोमवारी शाळेत उपयोगी पडलं पाहिजे. नाहीतर राजवाडे काय, यूट्यूबवरही दिसतात.

जायच्या आधी

जागा जॉन्जूच निवडा, आमच्या उत्तर जॉल्लातलंच जुनं शहर. सोल मोठं आहे, पण अर्धा दिवस मेट्रोत जातो. जॉन्जूत सगळं पायी फिरून होतं, किल्ल्याचा दरवाजा, राजाचं देऊळ, चर्च, कागदाचे कारखाने, जेवण, सगळं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. सोलहून येणाऱ्यांनी योंगसान स्टेशनवरून केटीएक्स, म्हणजे वेगवान ट्रेन, पकडायची, साधारण पावणेदोन तास लागतात, एक्सप्रेस बसने पावणेतीन-तीन तास. गुगल मॅप्सवर कोरियात भरवसा ठेवू नका, चालायचा रस्ता शोधायला नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप टाकून घ्या.

तारीख एप्रिल मध्य किंवा ऑक्टोबर. नवे लोक आल्या आल्या न्यायचा मोह होतो पण मार्चच्या सुरुवातीला थंडी असते आणि ऑगस्टअखेर घामाच्या धारा, वरून हानबोकचे, म्हणजे कोरियन पारंपरिक पोशाखाचे, थर. शिवाय दीड महिना शाळेत धडपडून झालं की लोकांकडे स्वतःचे प्रश्न असतात, "मी असं केलं तर सगळे गप्प का झाले" टाइपचे, आणि ट्रिपची खरी मजा त्या प्रश्नांत आहे. सोल्लाल आणि छुसॉक, म्हणजे चांद्र नववर्ष आणि आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेचा सण, त्या आठवड्यात चुकूनही काढू नका, अर्धा देश रस्त्यावर असतो. सोमवार पण नको, बरीच म्युझियम बंद असतात. शनिवारी गर्दी होते पण शाळेची सुट्टी त्याच दिवशी, काय करणार.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मोजे. हसू नका. या एका दिवसात किमान चार वेळा बूट काढावे लागतात, जेवायला, चहाला, नमस्कार शिकायला आणि वाड्यात शिरताना. मी स्वतः दुसऱ्या ट्रिपला चहाच्या खोलीत गुडघ्यावर बसले आणि मागे बसलेल्यांना माझ्या डाव्या टाचेचं भोक पूर्ण वेळ दिसत होतं, मी पुढे बसून गंभीरपणे शिष्टाचार समजावतेय. आता ग्रुपवर मेसेजच टाकते: न फाटलेले मोजे घाला, एक जोड जास्तीचा आणा, लेसचे बूट नकोत. बुटाची लेस सोडत बसलेल्या वीस लोकांची रांग म्हणजे दहा मिनिटं गेली.

वीसच्या वर माणसं घेऊ नका. कोण शाकाहारी, कोण हलाल, कोणाचे गुडघे दुखतात हे आधीच विचारून ठेवा. गुडघे दुखणाऱ्यांची यादी वाटते त्यापेक्षा मोठी निघते.

सकाळ: दरवाजा, चर्च आणि राजाचं देऊळ

साडेनऊला फुंगनाम्मुनपाशी जमायचं. जुन्या जॉन्जू शहराच्या तटाला चार दरवाजे होते, त्यातला हा दक्षिणेचा तेवढा उरलाय. इथे पाच मिनिटं पुरे, पण इथेच उभं राहून एक गोष्ट सांगून टाका म्हणजे पुढचं सगळं लागतं. १७९१ साली याच दरवाजाबाहेर युन जी-छुंग आणि त्याचा मामेभाऊ क्वॉन सांग-यॉन यांना मारलं. गुन्हा काय, तर युन कॅथलिक झाला होता, त्याने पूर्वजांच्या पाट्या जाळल्या आणि आई गेल्यावर तिचे विधी करायला नकार दिला. कोरियातले हे पहिले कॅथलिक हुतात्मे, २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस कोरियात आले तेव्हा बाकीच्या हुतात्म्यांसोबत त्यांना "धन्य" घोषित केलं. दरवाजापासून दोन मिनिटांवर जॉन्दोंगचं लाल-करड्या विटांचं चर्च आहे ते त्यांना मारलं त्याच जागेवर, काम १९०८ ला सुरू झालं आणि १९१४ ला इमारत उभी राहिली, पायाला पाडलेल्या तटाचेच दगड वापरलेत. लोक लग्नाचे फोटो काढायला येतात, गोष्ट कोणाला माहीत नसते.

यातून नव्या माणसाला काय समजतं? की कोरियात पूर्वजांचा विधी, ज्याला चेसा म्हणतात, तो किती खोल बसलेला होता. आपल्याला हे समजवायला वेळ लागत नाही, श्राद्ध-पक्ष माहीत असलेल्या माणसाला पान वाढून पितरांना बोलावणं काही नवीन नाही. पण ओहायोहून आलेल्या मुलीला "भातात चमचा उभा खोचू नकोस" एवढंच सांगितलं तर ती एक नियम म्हणून पाठ करते आणि विसरते. चेसात मेलेल्या माणसाच्या वाटीत चमचा तसा उभा खोचतात, म्हणून जिवंत माणसाच्या जेवणात तसं करायचं नाही, हे कळलं की विसरत नाही. दुपारी जेवताना आपोआप हात थांबतो, मी पाहिलंय.

चर्चच्या समोरच ग्यॉन्गीजॉन. तिकीट मोठ्यांना साधारण ३००० वॉन. चोसॉन राजवट १३९२ मध्ये सुरू करणारा ई सॉन्ग-ग्ये, राजा झाल्यावर थेजो, त्याचं घराणं मूळचं जॉन्जूचं, म्हणून १४१० मध्ये इथे त्याचं चित्र ठेवायला हे देऊळ बांधलं. १५९७ च्या जपानी स्वारीत जळलं, १६१४ ला परत उभारलं. आत घाई करू नका, दीड तास ठेवा, आणि या चार ठिकाणी थांबाच.

दाराबाहेर एक दगडी शिळा आहे, हामाबी. खाली दोन दगडी प्राणी पाठीवर शिळा घेऊन बसलेत, आणि वर लिहिलंय त्याचा अर्थ, कोणीही असो, इथे घोड्यावरून उतरा. माझ्या मते दिवसाचा पहिला धडा हाच. शाळेत मुख्याध्यापक कॉरिडॉरमध्ये दिसले की आजही मुलं पळता पळता थांबतात, मान झुकवतात, मग परत पळतात. तेच उतरणं आहे ते.

मग लाल खांबांचं होंगसालमुन, आणि तिथून आत जाणारी दगडी वाट. मधोमध चालायचं नाही, मधली वाट गेलेल्या राजाच्या आत्म्याची. आत जाताना उजव्या दाराने, बाहेर येताना दुसऱ्या. वीसातले पंधरा जण सरळ मधूनच चालतात, चालू द्या, मग सांगा, सगळे मागे वळून बघतात.

तिसरी जागा थोडी आतल्या बाजूला, आणि मराठी माणसाला सगळ्यात जवळची वाटावी अशी. आठवा राजा येजोंग याचं थेशिल, म्हणजे जन्मानंतरची वार जिथे पुरली ती दगडी कोठी. मूळची दुसरीकडे होती, १९७० मध्ये इथे आणली. राजघराण्यात मूल जन्मलं की वार धुऊन, भांड्यात बंद करून, चांगली टेकडी बघून पुरायचे. आपण "माझी नाळ त्या गावात पुरलीय" म्हणतो ना, इथे राजाची खरोखर दगडात पुरलेली बघायला मिळते. मी हे इंग्रजीत सांगते तेव्हा तोंडं वाकडी होतात, एकदा एक नागपूरची मुलगी होती ग्रुपमध्ये, ती मात्र बराच वेळ तिथेच उभी होती.

चौथी, सागो, म्हणजे राज्याच्या बखरी ठेवायची कोठी. चोसॉन राजांच्या कारभाराची नोंद चार ठिकाणी वेगवेगळी ठेवायचे, १५९२ च्या जपानी आक्रमणात बाकी तीन जळल्या, जॉन्जूची प्रत वाचली कारण आन ऊई आणि सोन होंग-नोक या दोन स्थानिक विद्वानांनी ती नेजांग डोंगरात नेऊन लपवली आणि राखली. १९९७ मध्ये या बखरी युनेस्कोच्या जागतिक स्मृतीच्या यादीत गेल्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, दुपारी कागद करताना परत लागणार आहे.

हानबोक भाड्याने घ्यायचं का हा प्रश्न दर ट्रिपला येतो. घ्या, पण सकाळी नाही, दुपारनंतर. छिमाचा, म्हणजे घागऱ्याचा, घेर सांभाळत जेवायला बसणं नव्या माणसाला जमत नाही आणि वरून गोचुजांगचे, म्हणजे लाल मिरचीच्या पेस्टचे, डाग. एक काम मात्र दुकानदार मावशींना करू देऊ नका, चॉगोरीची, म्हणजे वरच्या आखूड जाकिटाची, गाठ प्रत्येकाला स्वतः बांधायला लावा. डावा पदर उजव्यावर आला पाहिजे. दोन फिती असतात, एक आखूड एक लांब. आखूड वर ठेवून फुली करा, आखूड खालून वर काढून घट्ट ओढा, तिचाच एक गोल करा, आणि लांब फितीची घडी करून त्या गोलातून अर्धी आत सरकवा. एकच पाकळी उरली पाहिजे, दोन झाल्या तर तो बुटाच्या लेसचा फास झाला. तीन-चारदा चुकते, आणि दुकानातल्या मावशी हातावर चापटी मारून परत सोडतात.

आणि हो, आजूबाजूची ती सातशेच्या आसपास कौलारू हानोक घरं बघून "पाचशे वर्षं जुनं गाव" असं काही सांगू नका. जपानी राजवटीत व्यापारी शहरात घुसायला लागल्यावर त्यांना उत्तर म्हणून कोरियन लोकांनी फुंगनाम-दोंग आणि ग्यो-दोंगमध्ये ही घरं बांधली, बरीचशी १९३० च्या आगेमागे. मला तर ते जास्त भारी वाटतं.

जेवण

जॉन्जूला जाऊन बिबिम्बाप नाही खाल्ला असं होत नाही. बिबिम म्हणजे मिसळणं, म्हणजे शब्दशः मिसळच म्हणा की, आणि कोल्हापूरच्या माणसाने दुसऱ्या कुठल्या मिसळीला चांगलं म्हणणं अवघड असतं पण ही खरंच चांगली. मोड आलेलं सोयाबीन, पालक, गाजर, पिवळ्या रंगाची मुगाची वडी, वर अंडं, बऱ्याचदा कच्चं बीफ पण. चमच्याने दाबून कालवू नका, चॉपस्टिकने खालीवर करा, भाताचं शीत मोडत नाही.

शाकाहाऱ्यांनी नीट ऐका. "कोगी प्पे जुसेयो", मांस काढून द्या, एवढ्याने भागत नाही, कारण जॉन्जूच्या पारंपरिक पद्धतीत भातच बीफच्या स्टॉकमध्ये शिजवतात, आणि गोचुजांग कधी कधी मांस घालून परतलेला असतो, किमचीत मासळीचं खारवण असतं. म्हणून हॉटेलला एक दिवस आधी फोन, तोही कोरियन को-टीचरकडून, आणि साधा भात वेगळा मिळेल का हे स्पष्ट विचारून. आयत्या वेळी टेबलावर वाद घालण्यात अर्थ नाही, वाढणाऱ्या काकूंची चूक नसते.

टेबलावर शिकवायच्या गोष्टी थोड्याच. सगळ्यात मोठा माणूस चमचा उचलेपर्यंत थांबा. भाताची वाटी हातात उचलू नका, ती टेबलावरच राहते. स्वतःचा ग्लास स्वतः भरू नका. मोठ्या माणसाकडून घेताना दोन्ही हात, किंवा उजव्या हाताने घ्या आणि डावा हात उजव्या मनगटाखाली. दारू असेल तर मोठ्यासमोर पिताना मान बाजूला वळवा. जेवताना नाक शिंकरायचं नाही, आणि गोचुजांगने नाक वाहणार, तेव्हा उठून बाहेर जा. मी टेबलावर एकाला "मुख्याध्यापक" बनवते, शक्यतो सगळ्यात लहान वयाच्या माणसाला, आणि बाकीच्यांनी त्याच्याकडून पाणी घ्यायचं त्याला द्यायचं. पाच मिनिटं हसण्यात जातात, सहाव्या मिनिटाला सगळ्यांचा डावा हात आपसूक वर येतो.

दुपार: कागद

हान्जी, म्हणजे कोरियन हातकागद, जॉन्जूची जुनी ओळख. दाक नावाच्या तुतीच्या भावकीतल्या झाडाची साल काढायची, राखेच्या पाण्यात शिजवायची, कुटायची, मग पाण्याच्या हौदात सोडायची. त्यात एक चिकट पाणी घालतात ते ह्वांगछोक्क्यूच्या मुळाचं, आणि हे झाड भेंडीच्या कुळातलं. हौदात हात घातला की कळतंच, भेंडी चिरल्यावर बोटांना जी तार सुटते ना, तीच. त्या तारेमुळे तंतू पाण्यात तरंगत राहतात, तळाला बसत नाहीत.

कारागीर एका बाजूने टांगलेली चौकट हौदात बुडवून आधी पुढेमागे आणि मग डावीउजवीकडे हलवतो, त्यामुळे तंतू एकमेकांत आडवेउभे गुंततात आणि कागद फाटत नाही. वर्कशॉपमध्ये नवख्यांना छोटी चौकट देतात. पहिल्यांदा सगळेच घाईने उचलतात आणि एका कोपऱ्यात लगदा, दुसऱ्या कोपऱ्यात भोक. चौकट सपाट ठेवून, पाणी गळू देत हळू उचलायची. मग कपड्यावर पलटी, गरम लोखंडी पत्र्यावर ब्रश फिरवला की दोन मिनिटांत वाळतो. इथे सकाळची बखरींची गोष्ट परत काढा. रेशीम पाचशे वर्षं टिकतं, कागद हजार, अशी कोरियात म्हण आहे, आणि लपवून वाचवलेल्या त्या बखरी हान्जीवरच होत्या.

वाळलेल्या कागदावर आपलं नाव कोरियन अक्षरात ब्रशने लिहायला द्या. आणि हे टीचरसाठी खास: जिवंत माणसाचं नाव लाल शाईने लिहू नका. इथे ते मरणाशी जोडलेलं आहे. आपण पेपर तपासणारी माणसं, लाल पेन हातातच चिकटलेलं. मी पहिल्या आठवड्यात सव्वीस पोरांच्या वह्यांवर लाल पेनाने नावं टाकली होती, आणि एक मुलगी वही परत घेताना नुसती त्या नावाकडे बघत राहिली. हिरवं पेन वापरा.

गुडघे: नमस्कार आणि चहा

हानोकमधल्या एखाद्या चहाच्या खोलीत दोन तास बुक करा, ही दिवसातली सगळ्यात महत्त्वाची वेळ. दारातच एक गंमत होते, इथेही उंबरठ्यावर पाय देत नाहीत. आपल्या आजीने लहानपणी ओरडून शिकवलेलं इथे फुकटात कामाला येतं.

आत जमीन गरम लागते, ती ओंदोल. पूर्वी बाहेरच्या चुलीतला धूर आणि उष्णता जमिनीखालच्या दगडांतून खेळवायचे, आता गरम पाण्याचे पाइप असतात. चुलीजवळचा सगळ्यात उबदार कोपरा म्हणजे आरेन्मोक, तो म्हाताऱ्यांचा आणि पाहुण्यांचा. तिथे जाऊन पहिले बसू नका, कोणी बसवलं तर एकदा नको म्हणून मग बसा.

खुन्जॉल, म्हणजे मोठा नमस्कार. पुरुषांचा डावा हात वर, बायकांचा उजवा हात वर, आणि अंत्यविधीला याच्या उलट, त्यामुळे यात चूक झाली तर मोठ्या माणसांच्या ते लगेच डोळ्यात येतं. पुरुषांनी हात जुळवून वाकायचं, तळवे जमिनीवर, आधी डावा गुडघा, मग उजवा, कपाळ हातांजवळ, क्षणभर थांबून उठताना आधी उजवा गुडघा. बायकांनी जुळवलेले हात कपाळापाशी न्यायचे, तसेच ठेवून हळूहळू खाली बसायचं आणि कंबरेतून झुकायचं, हे पुरुषांपेक्षा कितीतरी अवघड, मांड्या थरथरतात, तोल जातो. जिवंत माणसाला एकदा, मेलेल्याला दोनदा. उत्साहाच्या भरात मुख्याध्यापकांना दोनदा घालू नका.

आपल्या लोकांसाठी वेगळी सूचना, पाया पडायला जाऊ नका. मी माझ्या को-टीचरच्या आईला पहिल्यांदा भेटले तेव्हा सवयीने वाकून पायाला हात लावला, त्या बिचाऱ्या दचकून दोन पावलं मागे सरकल्या, त्यांना वाटलं माझं काहीतरी खाली पडलंय.

शाळेत अर्थात कोणी जमिनीवर लोटांगण घालत नाही. रोजचं झुकणं उभ्यानेच, कॉरिडॉरमध्ये थोडी मान, वरिष्ठांसमोर कंबरेतून. त्याचाही इथेच सराव करून घ्या, आणि नावाने हाक न मारता पदाने मारायचा पण. उपमुख्याध्यापक म्हणजे क्योगाम सॉन्सेंगनिम, बाकी शिक्षक नुसते सॉन्सेंगनिम. कोणी जन्मसाल विचारलं तर चिडू नका, २०२३ पासून कायद्याने वय आपल्यासारखंच मोजतात, पण कोणाशी कुठल्या भाषेत बोलायचं हे ठरवायला वयातला फरक लागतो.

चहाबद्दल फार लिहीत नाही. पाणी उकळतं नको, थोडं निवलेलं, कप दोन्ही हातांनी, तीन घोटांत. साखर-दूध मागणारा एक तरी निघतोच आणि तो बहुतेक आपलाच असतो.

उरलेला वेळ

साडेचारनंतर लोकांना मोकळं सोडा. ज्यांचे पाय चालतात ते ओमोक्देच्या टेकडीवर जातात, १३८० मध्ये ई सॉन्ग-ग्येने जपानी चाच्यांना हरवून परतताना तिथे मेजवानी दिली होती, आणि वरून कौलांचा अख्खा पट्टा दिसतो. बाकीचे एका बेकरीच्या चोकोपायच्या, म्हणजे चॉकलेट लावलेल्या केकच्या, रांगेत.

छोटा फान्सोरीचा कार्यक्रम मिळाला तर सोडू नका. एक गाणारा, एक ढोल वाजवणारा, बस्स, आणि त्यातच पूर्ण कथा. जुन्या कथांपैकी पाच उरल्यात, पूर्ण गायला काही तास लागतात. आपल्या पोवाड्याच्या शाहिराला हे लगेच कळेल. प्रेक्षकांनी गप्प बसायचं नसतं, मध्येच "ऑल्शिगू", "चोता" म्हणून दाद द्यायची असते. परदेशी पाहुणे हाताची घडी घालून चर्चमध्ये बसल्यासारखे बसतात, तेव्हा पहिला "ऑल्शिगू" तुम्हीच टाका.

परतीच्या आधी मोजू. माक्कॉल्लीत, म्हणजे तांदळाच्या दारूत, दालचिनी, आलं, खजुरासारखी लाल बोरं, ज्येष्ठमध घालून उकळतात, दारूचा अंश जवळजवळ उडून जातो, जेमतेम एक-दीड टक्का राहतो, चव काढ्याची. तरी जो गाडी चालवणार त्याला देऊ नका, कोरियात मर्यादा ०.०३ टक्के आहे, फार कडक. आणि हान्जीची घडी घालू नका, गुंडाळून नळीत ठेवा.

बस सुटायच्या आधी डोकी दोनदा मोजा. आम्ही एकदा दोघांना चोकोपायच्या रांगेतच विसरून निघालो होतो, एक्सप्रेसवेवर चढल्यावर फोन आला.